जंभेरीनं धुतलेली साडी

बस ना भाऊ, चहा घे. उद्या विहारात जाशीनच, त्याच्या आंधी आजची गोष्ट आयकून जा. कामाची हाय.

आपला शेजारी गौतम. पावडरनं कपडे धू-धू त्याच्या बायकोच्या, अमिताच्या हाताले भेगा पडल्या. पिळताना रगत निघे. डॉक्टर म्हणे, पावडर बंद. आन् उद्या वर्षावासाची समाप्ती, पहिल्यांदाच वंदना अमिता घेणार, साऱ्या बायांच्या समोर. वंदनेले पांढरी साडी लागते, आन् ती एकच.

सकाळी ती विहार झाडाले गेली. यानं ठरवलं, साडी मीच धुतो, बिनापावडरची. सौंसरच्या बाजारातून रिठे-शिकेकाई आणलीच होती. उकळली कशात? लोखंडाच्या कढईत! त्याची माय केस धुवाले तशीच उकळे, केस काळे राहावे म्हणून. याच्या ध्यानात कढई राह्यली, काळं नाई राह्यलं. त्या पाण्यातून साडी निघाली राखेच्या रंगाची.

ओली साडी घेऊन पयत आला माह्या नर्सरीत. "काका, ती येईन आता!"

"मंग कढई घालून बस डोक्यावर."

"चेष्टा नोका करू. ती बोलन नाई, नुसती पाहीन."

आता आपली संत्र्याची कलमं जंभेरीच्या, म्हंजे जंगली लिंबाच्या, रोपावर बांधतो. त्यासाठी जंभेरीचं बी काढतो, आंबट रस फेकून देतो. चाकूचा लोखंडी डाग बनियनवर पडला का त्याच रसानं जाते. म्हटलं, "जंभेरी पीळ." त्यानं उचललं लोखंडाचं घमेलं!

"अबे, पुन्हा लोखंड? प्लास्टिकची बकेट घे!"

रस, मीठ, मंग कडक ऊन. पन हा बसन तं शपथ. तारेपाशी जाय, साडी चाचपे, फाटकापाशी जाय, वापस ये.

"काका, डाग गेला का?"

"तू पाहून नाई जात तो. ऊन काढून राह्यलं त्याले, बस."

साडी पांढरी झाली बाप्पा. फक्त पदराच्या कोपऱ्याले रुपयाएवढा डाग राह्यला.

अमिता आली. साडी हुंगली. पदर पालटून डाग पाह्यला. मंग गौतमचे हात पाह्यले, रसानं लाल झालेले.

"पदराच्या घडीत लपन तो," ती म्हणे. "पुढच्या बारीले स्टीलचं भगोनं घ्या."

तरी गौतम अजून अंगणात फेऱ्याच मारून राहिला. डाग दिसन का, दिसन का! उद्या वंदनेच्या वेळी हा पदराकडेच टकमक पाहीन, आन् याच्यामुळंच साऱ्या बाया तिकडे पाहतीन. म्हणून सांगतो भाऊ, उद्या त्याच्या बाजूले बसजो. मान तिकडे वळली का कोपर मारजो त्याले.