आठ जणांची नदी

“बाई, हे कुठे जातच नाही!”

पहिल्याच तासाला हे वाक्य दालनभर घुमले. बोलणारा सहावीतला एक गोलमटोल मुलगा, ज्याला सगळे बोका म्हणत. आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे बाईंना शक्य नव्हते. शाळेच्या मागच्या अंगाला, जिथे आजवर मोडकी बाके रचून ठेवलेली असत, त्या लांबट दालनात आठ रोइंग मशीन भिंतीकडे तोंड करून उभी होती. सरकत्या आसनावर बसायचे, पाय पट्ट्यांत अडकवायचे, साखळीची मूठ छातीपर्यंत ओढायची. समोरच्या गोल पिंजऱ्यात चाक वारा घुसळत राही, आसन मागे जाई, पुन्हा पुढे येई, आणि भिंत होती तिथेच असे. पहिल्या आठवड्यात सोळा मुले आली. दुसऱ्या आठवड्यात सहा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दारातूनच डोकी मोजली. “सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी येते मी,” त्या म्हणाल्या. “मुलं टिकली तर मशीन टिकतील. नाहीतर दुसऱ्या एका शाळेनं कधीची मागणी लावून ठेवलीये. आणि मशीन गेली, की मग तुमचंही…” वाक्य त्यांनी पुरे केले नाही, तेवढ्या निष्ठुर त्या नव्हत्या. बाईंची नेमणूक मशीनांबरोबर झाली होती, मशीनांबरोबरच ती संपणार, हे दोघींनाही ठाऊक होते.

बाईंनी आयुष्याची बारा वर्षे एकट्याच्या नावेत काढली होती. सुईसारखी अरुंद नाव, दोन वल्ही, आणि कुणीच जागे नसतानाचे पाणी. खांदा निकामी झाला तेव्हा नाव सुटली, पण पाणी सुटले नाही. झोपेच्या काठावर असताना अजूनही त्यांची गादी हलकेच डावीकडे कलत असे, आणि त्या नकळत तोल सावरीत.

तिसऱ्या आठवड्याच्या आदल्या रविवारी त्यांनी शिपाईमामांना बोलावून घेतले.

“मामा, ही सगळी मशीन एकामागे एक लावायचीत.”

“आगगाडी करताय होय?”

“नाव.”

मामांनी आठही मशीनांवरून नजर फिरवली. “करा. पाण्याचं मात्र माझ्याकडे बोलू नका. नळाला आधीच धार नाही.”

संध्याकाळपर्यंत दालनाच्या तीन भिंतींवर खाकी कागदाचा पट्टा चिकटला, आणि त्यावर दारापासून खिडकीपर्यंत एक निळी रेघ वळणे घेत गेली. दारापाशी उगम, खिडकीपाशी समुद्र. मधे पूल, बंधारे आणि खुणेपुरती गावे; बाकी कागद कोरा. चारशे ऐंशी किलोमीटरांची ही नदी बाईंनी नकाशावरून उतरवली होती. तिचा शेवटचा तुकडा त्यांच्या हातांना पाठ होता.

सोमवारी त्या मुलांना म्हणाल्या, “वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. त्याला जायचं आहे ते दिसत नाही, गेलेलं तेवढं दिसतं. तेव्हा जो पहिल्या मशीनवर बसेल त्यानं काठावरचं काय काय मागे पडतंय ते सांगायचं. बाकीच्यांनी ते ऐकून हात चालवायचे. सत्र संपेपर्यंत आपण समुद्राला पोचायचं.”

“आणि मीटर?” बोक्याने विचारले. प्रत्येक मशीनच्या छोट्या पडद्यावर बाईंनी कागद डकवला होता.

“ते तास संपल्यावर उघडायचे. आठही मशीनचे मीटर फळ्यावर मांडा, बेरीज करा, तेवढी भिंतीवरची कागदी नाव पुढे सरकवा.”

अशी नदी सुरू झाली, दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. एका वेळी आठ मुले, एक हजार मीटर. मग दुसरी आठ, पुन्हा तितकेच. पाय, कंबर, हात. परतताना हात, कंबर, पाय. हे बाईंना वेगळे शिकवावेच लागले नाही. कुणी म्हणे, पूल आला, सावली गार आहे; की सगळ्यांचा श्वास लांबे. कुणी म्हणे, काठावर बगळा आहे. की मुठी अशा अलगद येत जणू साखळी रेशमाची असावी. लांबू नावाचा एक उंच मुलगा खळाळ सांगायला बसला की मात्र धांदल उडे. “दगड! दगड! उजवीकडे!”

“अरे, सरळ चालणाऱ्या मशीनला उजवीकडे कसं नेऊ?” मागून बोका ओरडे.

“ओढ रे तू, अक्कल नको पाजळू!”

खिडकीची काच कुठल्यातरी उन्हाने हिरवट होई, आठ चाकांतला वारा मुलींच्या बटा उडवी, आणि बाईंना वाटे की दालनाची फरशी किंचित ओलसर झाली आहे. नदी बघायला पहिल्याच दिवशी सहाची पुन्हा सोळा झाली होती, ती टिकली. जे सांगितले जाई ते मुले नंतर भिंतीवर काढीत: खाकी कागदावर घाट उमटले, धोब्याची दोरी उमटली, तिच्यावरचा एकच लाल सदरा उमटला. कागदी नाव दर तासाला सोळा किलोमीटर पुढे जात होती.

बेरीज करायला एक मुलगी असे. अंगाने किडमिडीत, पाढे मात्र पावकीपासून तोंडपाठ. म्हणून तिचे नाव पावकी. वर्गात तिच्याशी फारसे कुणी बोलत नसे, कारण ती चुका दाखवी. नदीवर मात्र तिची गरज पडे, आणि आपली गरज पडते आहे या आनंदात ती खडू दोन्ही हातांनी धरी.

सत्राचा शेवटचा आठवडा उजाडला. सोमवारी अठ्ठाविसावा तास झाला. समुद्र बत्तीस किलोमीटरांवर आला. मुले गेली तरी पावकी फळ्यापाशीच उभी होती.

“बाई, नदी चुकलीये.”

“वळण चुकलं का कुठलं?”

“नाही. सगळीच.” तिने ओठ दाबून धरले, मग एका दमात बोलली. “सकाळी मामांनी आम्हा आठ जणांना बाक उचलायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आम्ही. बाक एकच खोली गेलं ना, बाई? आठ खोल्या नाही गेलं.”

बाईंना आधी काही कळेना. मग त्यांनी फळ्यावरची बेरीज पुन्हा वाचली. नावेत आठ जण वल्हवतात तेव्हा नाव काही आठपट लांब जात नाही. ज्याने त्याने ओढलेले हजार मीटर हे एकच हजार मीटर असतात, सगळ्यांचे मिळून. कोणाही नावाड्याला हे सांगावे लागले नसते. पण बाई बारा वर्षे एकट्या होत्या. त्यांच्या नावेत जितके हातांचे तितकेच नावेचे. दुसऱ्या कुणाचे पाणी मोजायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

“म्हणजे आपण…”

“छप्पन्न किलोमीटर,” पावकी म्हणाली. “चारशे अठ्ठेचाळीस नाही.”

शुक्रवारी मोठ्या बाई समुद्र बघायला येणार होत्या. मुलांनी खिडकीला निळे कागद लावायला घेतले होते. बाईंनी फळ्याकडे पाहिले, त्या लहानग्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला.

“शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नकोस हं.”

“खोटं सांगायचं?”

“नाही गं. नुसतं सांगायचं नाही.”

पावकीने मान हलवली. खडू तिने फळ्याच्या कडेला ठेवला, फार जपून, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा.

बुधवारी पहिल्या मशीनवर बसायची पाळी तिचीच होती. चाके घुमू लागली. दहा ओढी झाल्या, पंधरा झाल्या. पुढून एक शब्द येईना.

“सांग की गं!” लांबू म्हणाला. “खारा वास येतोय का?”

“मला काही दिसत नाही.”

“असं कसं? काल स्वप्नातसुद्धा दिसला मला समुद्र!”

“मला काहीच दिसत नाहीये,” पावकी म्हणाली, आणि तिच्या हातातली मूठ निसटून साखळी खाडकन पिंजऱ्याला जाऊन आपटली. तिने वळून बाईंकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. आपल्याला दिलेले काम आपल्याला जमत नाही, याची केवळ लाज होती.

ते बाईंना सोसले नाही.

“थांबा सगळे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले: बेरजेचे, बाकाचे, छप्पन्न किलोमीटरांचे. चूक आपली आहे, पावकीला ती सोमवारीच कळली होती, आणि तिचे तोंड आपणच बंद केले होते, हेही सांगितले. बोलताना त्यांना दिसत होते की एकेका चाकातला वारा विझत चालला आहे.

मग बोका आसनावरून उठला. “म्हणजे इतके दिवस आम्ही येड्यासारखं ओढत होतो?” त्याने पायातली पट्टी भिरकावली आणि तो निघून गेला. त्याच्या मागून लांबू, मग बाकीचे. कुणी दार आपटले नाही. आपटले असते तर बाईंना बरे वाटले असते. पावकी तेवढी उरली, मग तिनेही दप्तर घेतले आणि गेली. त्या संध्याकाळी बाईंनी आपल्या खणातल्या वस्तू पिशवीत भरायला घेतल्या. वस्तू फार नव्हत्या.

शुक्रवारी त्या मुद्दाम उशिरा आल्या. रिकामे दालन मोठ्या बाईंसोबत एकदमच बघावे, दोनदा नको, असे त्यांनी ठरवले होते. पण जिन्यातच भांडणाचा आवाज आला.

“सिद्ध कर! नुसतं छप्पन्न छप्पन्न काय लावलंयस?” हा बोका.

“केलंय की फळ्यावर. नीट बघ ना, डोळे आहेत का बटणं?” ही पावकी, आणि इतक्या मोठ्याने बोलताना तिला बाईंनी कधी ऐकले नव्हते.

“बरं, असेल छप्पन्न. मग आपण आहोत कुठे?”

बाई दारात थबकल्या. चौदा मुले भिंतीला चिकटून उभी होती. पावकीचे बोट निळ्या रेघेवरून उलटे, उगमाकडे, सरकत चालले होते: घाट, लाल सदरा, बंधारा, सगळे ओलांडून दाराजवळच्या एका वळणावर ते थांबले.

“इथे.”

“इथे तर काहीच नाहीये,” लांबू म्हणाला.

खरोखरच तिथला कागद कोरा होता. चौथ्या दिवशी मुले हा टप्पा एका दमात पार करून गेली होती. कुणी मान वळवून पाहिले नव्हते.

“नाहीये कसं? कुणी बघितलंच नाही,” बोका म्हणाला आणि स्वतःच चमकला. “ए, चला. बसा ना! पावकी, तू पुढे. आणि आज दिसत नाही म्हणालीस ना, तर बघ.”

बाई आत आल्या आणि पट्ट्या घट्ट करू लागल्या. दोन मुले आली नव्हती. ती पुढेही आली नाहीत.

पावकीने मूठ धरली. या वेळी ती घाई करीत नव्हती. आठ आसने मागे गेली, पुढे आली.

“नदी अरुंद आहे,” ती सांगू लागली. “दोन्ही काठ जवळ आहेत. एक घर गेलं. आता त्याची खिडकी दिसतेय. खिडकीत एक बाई केस विंचरतेय… हळू. हळू! तिनं अजून आपल्याला पाहिलेलं नाही.”

आणि आठ मुलांनी श्वास धरला. आठ चाकांचे आठ वारे आजवर एकमेकांच्या अंगावरून जात. आता त्यांतला एकेक आवाज वितळत गेला आणि दालनात एकच लांब श्वास उरला, येणारा, जाणारा. बाईंनी डोळे मिटले. पाणी त्यांनी आयुष्यभर ऐकले होते, पण ते इतक्या जणांचे असते, हे त्यांना माहीत नव्हते.

मोठ्या बाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळले नाही. खिडकीवरचे अर्धेमुर्धे निळे कागद त्यांनी पाहिले, मग मुलांच्या पाठी पाहिल्या.

“समुद्र कुठाय?” त्यांनी विचारले, आणि आपोआप त्यांचाही आवाज खाली आला.

“लांब आहे,” बाई कुजबुजल्या. “हिशोब चुकला माझा.”

“किती लांब?”

ओढ न चुकवता पावकीनेच उत्तर दिले, “आजचं धरून, सत्राला तीस तास लावले, तर अजून सात सत्रं आणि वर एक तास.”

मोठ्या बाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी डोकी मोजली असावीत. निदान त्यांचे ओठ तसे हलले.

“सात सत्रं,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हणजे त्या दुसऱ्या शाळेला थांबा म्हणून कळवावं लागणार मला.”

बाईंना काहीतरी बोलायचे होते, पण बोक्याने वळून ओठांवर बोट ठेवले. खिडकीतल्या त्या बाईने आत्ता कुठे केसांतून फणी काढली होती, आणि तिचे घर अजून पुरते मागे पडायचे होते.