रातांब्याचा कोंबुचा

भांडुपच्या त्या चार मजली सोसायटीत मे महिन्याच्या भर दुपारी जोराचा आवाज झाला, तेव्हा सगळ्यांना आधी सिलिंडरच वाटला. फुटली होती वनमालाची कोंबुचाची बाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या गॅलरीतून लालभडक पाणी उडालं आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सांडलं. सदरा तिच्या थोरल्या दिरांचा, दत्तारामांचा. अख्ख्या इमारतीत इतके कपडे वाळत होते, पण नाही, नेमका तोच.

चूक वनमालाचीच होती, आणि ती ते कबूलही करत होती. तिच्या लेकीने, श्रुतिकाने, पवईहून कोंबुचाचं विरजण आणून दिलं होतं. साखर घातलेल्या कोऱ्या चहावर तरंगणारी जाड, पांढरट साय. आठ-दहा दिवसांत चहा आंबतो, मग तो बाटलीत भरून ताजं फळ घालायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचा. सावलीत, हे श्रुतिकाने तीनदा बजावलं होतं. पण गावाहून ताजे रातांबे, कोकमाची ओली फळं, आली, आणि रातांब्यांत साखर घालून बरणी उन्हात ठेवायची, हे वनमालाच्या हातांना लहानपणापासून पाठ. अमृतकोकम तसंच तर करतात. हात आपसूक उन्हाकडे गेले.

दुसरी बाटली तिने घाईने आत आणली आणि फडक्यात धरून झाकण हळूहळू सैल केलं. फसफसणारं लाल पेय ग्लासात ओतून एक घोट घेतला, आणि ती ओट्याला टेकून उभीच राहिली. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या जिभेने स्वयंपाक केला होता. सोलकढीत कोकमं किती घालायची हेसुद्धा दत्ताराम ठरवायचे, आणि नवरा होता तोवर तो बाजूला बसून मान डोलवायचा. ही चव मात्र कुणी सांगून केलेली नव्हती. ती तिला आवडली होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

संध्याकाळी दत्ताराम वर आले. सदऱ्याबद्दल तिने माफी मागितली, नवा आणून देते म्हणाली. त्यांना सदरा नको होता. त्यांना ती विरजणाची बरणी मोरीत ओतलेली हवी होती. घरात दारू गाळतेस, घराण्याचं नाव घालवतेस, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. लोकांना काय, दोन दिवस बोलले असते आणि पुन्हा पाण्याच्या टँकरच्या विषयावर आले असते. शेवटी त्यांनी विचारलं, यात दारू आहे की नाही, एवढंच सांग. नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

“आहे, नावापुरती,” वनमाला म्हणाली. “खोटं कशाला बोलू?”

दत्ताराम खुर्चीतून उठले. “मग नीट ऐक. ही बरणी घरात असेल, तर यंदा गणपतीला तुझ्या हातचा नैवेद्य नाही.”

हे मात्र तिला लागलं. गावच्या घरात बाकी कशावर तिचा हक्क नव्हता, पण गणपतीत चुलीपुढची जागा तिची होती. नवरा गेल्यावरही ती तिच्याकडेच राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला भयंकर राग आला. चिडली की तिच्या तोंडी मालवणी यायची.

“भावोजी, बरणी खंयच जावची नाय. आणि गणपतीक मी येतलंयच. नैवेद्य मीच करणार. ज्याला माझे मोदक नकोत, त्याने खाऊ नयेत.”

दत्तारामांनी तिच्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि दार आपटून ते खाली गेले. वनमालाने उरलेले रातांबे चिरले, बाटल्या गळ्याशी चार बोटं रिकाम्या ठेवून भरल्या आणि ओट्याखालच्या अंधाऱ्या कप्प्यात लावल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दुसरी फेरी असणार म्हणून तिने पदर खोचला आणि दार उघडलं. दारात इरावती, तिची जाऊ, दत्तारामांची बायको. त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी होती, घासून पुसून लख्ख केलेली.

इरावतीने एकदा जिन्याकडे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, “उन्हात नाही ना ठेवायची?”