सोन्याखालचा दात

शराफतने तंदूरमध्ये हात घालून एक नान आतल्या भिंतीवर थापली आणि मागे न बघताच विचारलं, "सव्री, गोळे झाले का तुझे, की तिथंच डोळा लागला?"

"दोन राहिलेत," सव्री म्हणाली आणि हसली. हसताना तिनं सवयीनं ओढणीचा पदर तोंडावर धरला. मागच्या उन्हाळ्यात तुतीच्या झाडावरून पडून तिचा समोरचा एक दात गेला होता, तेव्हापासूनची ही सवय.

"इथं कोण बघतंय तुला? मी आणि तंदूर."

"तंदूरचीच लाज वाटते, आये. त्याचं तोंड माझ्यापेक्षा बरं आहे."

शराफत हसली की तिच्या तोंडातलं सोनं चमकायचं. वरचे सगळे दात सोन्याचे, लग्नातले. आमच्या तुतजार गावात मुलीचं रूप कुणी विचारत नाही, तोंडात सोनं किती ते विचारतात. लग्न ठरलं की सोन्याचे दात करणारा उस्तो येतो, नवरीला चटईवर बसवतो, तिचे चांगले धडधाकट दात तासून खुंट करतो आणि त्यावर सोन्याच्या टोप्या चढवतो. भोवती बायका डफ वाजवतात. आनंदासाठी वाजवतात असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर पोरीचं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून वाजवतात, आणि हे डफ वाजवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, कारण कधीतरी तीही त्या चटईवर बसलेली असते.

नान भाजून निघत होत्या तेवढ्यात फाटक वाजलं. कुमरीबीबी आल्या होत्या. डोक्यावर मिठाईचं ताट आणि हाताशी चार वर्षांची निगीन. बीबी म्हणजे शराफतची विहीण. शराफतची थोरली लेक मोहतोब त्यांच्या घरात दिली होती आणि दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात तिथंच वारली. निगीन तिची मुलगी. पोरीनं आजीचा हात सोडला आणि थेट सव्रीच्या मांडीवर जाऊन बसली, पिठाच्या हातांची पर्वा न करता.

"बघा विहीणबाई," बीबी म्हणाल्या, "मी बोलायच्या आधी पोरीनंच बोलून टाकलं. माझ्या धाकट्या हैदरला सव्री द्या. वाट ओळखीची आहे, आपण आता दुसरी कशाला शोधायची? निगीनला मावशीच आई होईल."

सव्रीनं मान खाली घातली, पण पोरीभोवतीचा हात घट्ट झाला. तिला हेच हवं होतं. बहीण गेल्यापासून ती या पोरीसाठी झुरत होती.

"फक्त हे तोंड," बीबींनी सव्रीच्या हनुवटीला बोट लावलं. "पडक्या कुंपणासारखं दिसतं. समोरचे सहाही सोन्याचे करू. सोनं आमच्याकडून, तुम्ही काळजी करू नका."

शराफतने हो म्हटलं. नवरा परदेशात, ओम्स्कला बांधकामावर. फोनवर तो म्हणाला, "तुम्ही बायका ठरवा, मला पाळीवर जायचंय." झालं, ठरलं.

पण त्या दिवसापासून शराफतला पुन्हा तेच स्वप्न पडू लागलं. मोहतोब अंगणात येऊन उभी राहते. जबडा पांढऱ्या कापडानं बांधलेला, मयताचा बांधतात तसा. शराफत म्हणते, "सोड ना गं ते, बोल काहीतरी." मोहतोब मान हलवते आणि तोंड उघडतच नाही. सकाळी शराफत उठायची ती छातीवर धोंडा घेऊनच.

मोहतोब कशानं गेली हे गावाला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं गावाला वाटत होतं. लग्नात तिचे वरचे सहा दात सोन्याचे झाले. निगीन झाल्यावर खालची एक दाढही मढवली. मुलगी झाली तरी मढवली, हे बीबींचं औदार्य. मग त्या हिवाळ्यात गाल सुजला, मान सुजली, पाणी गिळेना. घाट बर्फानं बंद. नजर लागली म्हणून घरात इस्पंदाच्या बियांची धुरी फिरवली. दाढ ठणकते असं ती सांगत होती, पण तिकडे कुणी बघितलंच नाही, कारण आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं की सोन्याखाली दात सडत नाही. ज्या दाढेवर सोनं आहे ती दुखेलच कशी?

यंदा घाट उघडल्यावर शराफतचंच सोनं हलायला लागलं. घास चावताना कळ यायची. सव्री तिला ओढूनच कुलोबला घेऊन गेली, बाजारामागच्या दवाखान्यात. तिथली डॉक्टर फरोगत, अंगानं काडी आणि जिभेनं सुरी.

"किती वर्षं झाली हे घालून, काकू?"

"लग्नापासून आहे."

एक टोपी तिनं हलवली, तर ती अलगद हातात आली. वास असा सुटला की सव्रीला तोंड फिरवावं लागलं. डॉक्टरनं शराफतच्या हातात आरसा दिला. सोन्याखाली दात नव्हताच. भिजून कुजलेल्या लाकडाचा असतो तसा एक काळा खुंट होता.

"सोन्याखाली दात सडत नाही म्हणतात ना?" शराफतनं विचारलं.

"सोनं सडत नाही, काकू. दात सडतो. झाकलेला असतो म्हणून कुणाला दिसत नाही, एवढंच. आत पू धरला की हाडात उतरतो, मग गालात, मग गळ्यात."

"गळ्यात," शराफत म्हणाली.

"हो. श्वास कोंडतो. वेळेवर दात काढून औषध दिलं तर माणूस वाचतं."

शराफतने आरसा मांडीवर पालथा ठेवला. सव्रीनं तिचा खांदा धरला. मोहतोबचं नाव दोघींपैकी कुणीच घेतलं नाही.

मग डॉक्टरनं सव्रीचं तोंड बघितलं. "तुझा एकच गेलाय."

"सासरचे म्हणतात सहा सोन्याचे करायचे."

"एक गेला म्हणून सहांचा बळी? कुणी शिकवलं हे गणित?" डॉक्टरला खरंच राग आला होता. "ऐक. ब्रिज करता येतो, पांढरा, दातासारखाच दिसतो. पण त्याला आधार म्हणून दोन्ही बाजूचे दात तासावे लागतात. ते आधीच किडलेले असते तर मीच म्हटलं असतं, ब्रिज कर. तुझे ते दोन्ही मोत्यासारखे आहेत, त्यांना कशाला हात लावायचा? तुला इम्प्लांट बरं. हाडात धातूचा एक बारीक स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरून घेईपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात. शेजाऱ्यांना धक्का नाही. तोवर काढघालीचा एक दात देते, लग्नात कुणाला कळायचं नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर शेजारचे दात हळूहळू फटीकडे कलतील. पण त्याला वर्षं लागतात. उस्तोला एक दुपार पुरते."

शराफतचे वरचे बहुतेक दात काढावे लागणार होते. कवळी बसवायची की स्क्रूवर दात, ते हाड किती उरलंय ते बघून ठरणार होतं. निघालेली टोपी डॉक्टर परत बसवायला लागली, तर शराफत म्हणाली, "राहू दे, पोरी. असंच राहू दे."

सव्रीनं हैदरकडे निरोप धाडला: दात पांढरा बसवीन, उस्तोला बोलावू नका. हैदरनं तो आईला सांगितला. बीबी म्हणाल्या, "पोरींचं ऐकत बसलं तर चूल पेटायची नाही." आणि नवरोजच्या आदल्या आठवड्यात त्या उस्तो शोदीला, डफवाल्या बायकांना आणि निगीनला घेऊन शराफतच्या अंगणात हजर झाल्या.

उस्तोनं पायानं चालवायचं यंत्र मांडलं. चटई अंथरली गेली. बीबींनी पांढऱ्या रुमालाची गाठ सोडली. आत सहा दातांची सोन्याची कमान होती, आणि एका दाढेची सुटी टोपी. कमानीच्या आतल्या बाजूला जुन्या सिमेंटचा थर अजून चिकटलेला होता.

"हे कुणाच्या तोंडातलं?" शराफतनं विचारलं.

"घरातलंच आहे," बीबी सहज म्हणाल्या. "मोहतोबचं. सोनं मातीत कशाला घालायचं, विहीणबाई? मयताला न्हाऊ घालणाऱ्या बाईनं अलगद काढलं, मग जबडा बांधला. उस्तो वितळवून नवं करतील. बहिणीचं बहिणीला, यात बरकत असते."

शराफत खालीच बसली. "म्हणून ती तोंड उघडत नाही," ती पुटपुटली. बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

सव्रीनं दाढेची टोपी उचलून उलटी केली. आतून ती काळी पडलेली होती. मग तिनं तोंडावरचा पदर काढला.

"बीबी, निगीनसाठी मी तुमच्या घरी यायला तयार होते. अजूनही आहे. पांढरा दात बसवून येईन, नाहीतर ही फट घेऊन येईन. तुम्ही म्हणाल ते काम करीन. पण या चटईवर बसायची नाही."

"मग राहा इथंच." बीबींचा आवाज चढला नाही, उलट थंड झाला. "हैदरला काय, पायलीला पन्नास मुली मिळतील. आणि हे सोनं निगीनचं. ती वयात आली की तिच्याच तोंडात बसवीन. आईचं सोनं, तिचा हक्कच आहे."

निगीन चटईच्या कडेला बसून मनुका खात होती.

उस्तो शोदी मध्ये पडला. "पोरी, मी या खोऱ्यातल्या निम्म्या बायकांच्या तोंडात सोनं घातलंय. एकीची तक्रार नाही आली."

"जिनं करायची ती टेकडीवर पुरली आहे, उस्तो," शराफत म्हणाली. ती उठली आणि एकेका बाईसमोर जाऊन तोंड उघडून उभी राहिली. टोपी गेलेल्या जागी तो काळा खुंट. "बघा. सोन्याखाली काय असतं ते बघून घ्या. माझी पोर सांगत होती दाढ ठणकते, आणि आपण धूर फिरवत बसलो."

 मिटलेल्या तोंडाआड प्रत्येकीची जीभ आपापल्या सोन्यावरून फिरत होती, गालांची हालचाल स्पष्ट दिसत होती. डफवालीनं डफ खाली ठेवला.

सव्रीनं टोपी कमानीशेजारी ठेवून रुमालाची गाठ मारली आणि ती फाटकाकडे निघाली.

"चोर आहे ही, धरा तिला," बीबी म्हणाल्या. "ते आमच्या घराचं सोनं आहे."

"ते माझ्या बहिणीच्या तोंडातलं आहे," सव्री म्हणाली. तिला कुणीही अडवलं नाही. टेकडीवर जाऊन तिनं मोहतोबच्या उशाशी हातानं माती उकरली आणि रुमाल आत ठेवला. खाली येईपर्यंत निगीनला घरी नेलेलं होतं.

सोयरीक मोडली. निगीनला मावशीकडे यायची बंदी झाली. सव्री पाटावर पाणी भरायला जायची तेव्हा पलीकडच्या काठावर कधी पोर दिसायची, आणि दिसली की कुणीतरी तिला आत ओढायचं. डॉक्टरनं स्क्रू बसवला. हाडानं तो धरला, दात आला, दिसायला छान दिसत होता, आणि सव्रीला हसायचं सुचत नव्हतं. गावात लोक म्हणायचे, दातांसाठी पोरीला सोडलं हिनं. आमचं गाव, दुसरं काय म्हणणार.

कापूस वेचायच्या दिवसांत एका सकाळी फाटक वाजलं. कुमरीबीबी. एक गाल फुगलेला, हनुवटीपासून डोक्यापर्यंत कापड बांधलेलं. शराफत दचकून भिंतीला टेकली. बीबींच्या मागे निगीन होती.

"तुझी ती डॉक्टरीण," बीबी दातओठ न हलवता सव्रीला म्हणाल्या. "मला वाट ठाऊक नाही."

सव्रीनं चप्पल घातली.

कुलोबला डॉक्टर फरोगतनं खालच्या दाढेची टोपी कापून काढली, पू वाहू दिला, दाढ काढली. "अजून चार दिवस थांबला असतात तर इथवर पोचला नसतात," ती म्हणाली. बीबींनी ती दाढ बघायला मागितली. बशीतल्या काळ्या तुकड्याकडे त्या बघत राहिल्या. 

"मला आठ दिवस झोप नाही," त्या हळूच सव्रीला म्हणाल्या. "भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं." मग थांबून म्हणाल्या, "ती पण आपटायची. मी म्हणायचे, गाईच्या धारा काढायला नकोत म्हणून सोंग करते. तसं तोंडावर बोलले होते तिला."



"म्हणजे तिला खरंच दुखत होतं का गं?"

आमच्यासारखीनं त्या घडीला बीबींना चार गोष्टी ऐकवल्या असत्या. दोन वर्षं साठवलेलं सव्रीच्या पोटातही होतंच.

"हो, बीबी," ती म्हणाली. "तिला खरंच दुखत होतं."

 बाकावरच्या निगीनला बीबींनी जवळ बोलावलं, "आ कर" म्हणून तोंड उघडायला लावलं, आणि दुधाच्या दातांची ती पांढरी ओळ बघत राहिल्या. पोर अवघडली तरी त्यांनी हनुवटी सोडली नाही. मग तिला उचलून सव्रीच्या मांडीवर ठेवलं.

"हिला तू सांभाळ," त्या म्हणाल्या. "आणि मी जरी सांगायला आले, तरी हिच्या तोंडाला कुणाला हात लावू देऊ नकोस."