एक हजार एकोणसाठ मीटर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मनगटावरचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले, दाढी केली, चहाचे आधण ठेवले आणि दूध उतू जाण्याच्या ऐन क्षणी गॅस बंद केला. मग इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेने लावली, एक निळे आणि एक लाल. लाल पेन दुसऱ्यांच्या चुकांसाठी असे.

शहर बससेवेच्या कचेरीत सव्वीस वर्षे ते भाड्याचे तक्ते करीत होते. कुठल्या थांब्यापासून कुठल्या थांब्यापर्यंत किती पैसे, हे वाहक ज्या कागदावर पाहतो तो कागद त्यांच्या हातचा. दुसऱ्याने कळवलेल्या अंतरावर त्यांचा विश्वास नसे. मोजणीचे चाक ढकलत ते प्रत्येक मार्ग स्वतः चालत आणि मगच तक्त्याच्या कोपऱ्यात ‘मोजले’ असे लिहून सही करीत. कचेरीत त्यांना मोजपट्टी म्हणत. हे नाव त्यांना आवडे. तसे ते दाखवत नसत, एवढेच.

“बाळ, झालं का रे तुझं?” आतून ताईने हाक मारली.

बाळ चोपन्न वर्षांचे होते. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दर मंगळवारी तिला व्यायामासाठी रुग्णालयात जावे लागे. एरवी सोबतीला त्यांची बायको असे. आज ती भाचीच्या बाळंतपणासाठी गेली होती. ते स्वतः रोज कचेरीत पायी जात, त्यामुळे कित्येक महिन्यांनी आज ते बसमध्ये चढत होते.

वाहकाने ताईला पाहताच विचारले, “आजी, पूलच ना?”

“पूलच. दोन दे.”

“पूल कशाला?” ते म्हणाले. “रुग्णालयाची दोन द्या.”

“गप रे तू,” ताई म्हणाली.

“काका, पुलापर्यंत दहा आणि पुलापलीकडं पंधरा,” वाहकाने समजावले. “सगळे अलीकडंच उतरतात. शेवटच्या थांब्याला मी आणि चालक, आम्ही दोघंच राजासारखे जातो. तक्ता करणाऱ्याचे पाय कधी दुखले नसणार, दुसरं काय!”

आसपासचे प्रवासी हसले. ताई खिडकीबाहेर पाहू लागली. मोजपट्टींचे कान तापले.

पुलापाशी खरोखरच बस रिकामी झाली. काठी टेकणारे एक आजोबा, हात गळ्यात अडकवलेला एक गवंडी, क्ष-किरण चित्राचे मोठे पाकीट छातीशी धरलेली एक बाई, अशी सारी मंडळी कठड्याच्या कडेकडेने चालू लागली. रिकामी बस त्यांच्या शेजारून पुढे गेली.

“तू कधीपासून अशी चालतेस?” त्यांनी विचारले.

“तीन वर्षं झाली की.”

“आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?”

ताई कठड्याला टेकून थांबली. “तक्ता तुझा आहे ना? वहिनीलाही मीच बोलू दिलं नाही. म्हटलं, काहीतरी हिशोब असेल. तुझं कधी चुकतं का?”

ती हे टोचून बोलली असती तर बरे झाले असते. पण तिने ते अगदी मनापासून, किंचित अभिमानानेच म्हटले होते.

तिला व्यायामाच्या खोलीत बसवून ते पुलावर परतले आणि आपल्या नेहमीच्या चालीने, पावले मोजत, तो ओलांडला. चारशे अठ्ठ्याण्णव पावले. म्हणजे तीनशे चाळीस मीटरांच्या आसपास. तक्त्यातला आकडा त्यांना पाठ होता. पूल ते रुग्णालय, एक किलोमीटर चारशे मीटर.

मग सारे आठवले. सहा वर्षांपूर्वी हा मार्ग सुरू झाला तेव्हा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. बस खालच्या रस्त्याने वळसा घालून जाई, आणि तो वळसा त्यांनीच भर उन्हात चाक ढकलत मोजला होता. मोजणी बिनचूक होती. आठ महिन्यांनी पूल उघडला, बस सरळ जाऊ लागली, आणि वळशाचे भाडे मात्र तक्त्यात तसेच राहिले. पूल उघडल्याची बातमी त्यांनी वाचली होती. चांगले झाले, असे बायकोला म्हणालेही होते.

ताईला घरी पोचवून अकरा वाजता ते कचेरीत साहेबांसमोर उभे राहिले. साहेब वयाने लहान, पण माणूस सरळ होता.

“उद्या सगळे तक्ते तिकिटांच्या यंत्रांत भरायचे आहेत,” साहेब म्हणाले. “बाकीच्यांचे बाहेरची माणसं तपासणार. तुमचे सव्वीस न तपासता जातील, असं मी वर लिहून दिलंय. तुमचं नावच पुरेसं आहे.”

“एक चुकलाय, साहेब.”

त्यांनी सर्व सांगितले आणि चुकीचे लेखी टिपण देतो म्हणाले. साहेबांनी दार लोटून घेतले.

“मग बदला ना आकडा. स्वच्छ कागद घ्या, नवा तक्ता करा, मी सही करतो. लेखी टिपण कशाला? टिपण फाइलला लागलं की तुमचे सगळे तक्ते तपासणीला जातील. कालची पोरं तुमच्या मागं चाक घेऊन फिरतील. बरं दिसेल का ते?”

सव्वीस वर्षांत त्यांच्या मागे कुणी चाक फिरवले नव्हते. मग त्यांना कठड्याला टेकलेली ताई दिसली.

“फिरू द्या,” ते म्हणाले. “बाकीचे पंचवीस बरोबर निघतील.”

चार वाजता कोठीतून त्यांनी आपले जुने चाक काढले, आसाला तेल सोडले आणि पुलावर गेले. दर मीटरला चाक टक् करी. टोकाशी ते आकड्याकडे वाकले, तेव्हा काठीवाले आजोबा दिवसभराच्या तपासण्या आटोपून परत निघाले होते. ते थबकले.

“काय हो, काही हरवलंय का?”

“हो. एक हजार एकोणसाठ मीटर.”

“बापरे! मग सापडले का?”

“आत्ताच,” ते म्हणाले आणि चाकाचा आकडा वहीत उतरवला. तीनशे एकेचाळीस, चौदाशे नव्हे.

कचेरीत त्यांनी स्वच्छ कागद मागितला नाही. सहा वर्षांपूर्वीचाच तक्ता टेबलावर पसरला आणि खिशातले लाल पेन काढले. जुन्या आकड्यावर एकच रेघ मारली, तीही अशी की खालचा आकडा कुणालाही वाचता यावा. शेजारी नवा आकडा लिहिला, पंधराच्या जागी दहा केले. टिपणात तीन ओळी लिहिल्या. त्यांतली शेवटची होती, ‘चूक माझी आहे.’ मग तक्त्याच्या कोपऱ्यात, जुन्या सहीच्या बरोबर खाली, ‘पुन्हा मोजले’ असे लिहून त्यांनी नेहमीसारखी पूर्ण सही केली. शाई वाळेपर्यंत ते थांबले आणि कागद साहेबांच्या टेबलावर, सहज नजरेस पडेल असा, सरळ ठेवून आले.