मानाची खुर्ची

तळवलीत भाडेकरूला त्रास देत नाहीत. त्याला खुर्ची देतात.

नामदेव पाटलांच्या इमारतीत राहणारा मानसिंग मूळचा सांगलीकडचा, तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर. गेली सहा वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाचं, बारशाचं त्याला बोलावणं असे. तो दिसला की नामदेव ओरडणार, "अरं, सायबांना खुर्ची द्या!" खुर्ची यायची, थंडा यायचा. पहिल्या पंगतीत जेवण, मग "या हां सायब" म्हणून निरोप. बाकीचे पुरुष पातेली उचलत, एकमेकांचे बाप काढत हसायचे. मानसिंग खुर्चीत बसून थंडा प्यायचा.

पुढे त्याची झोप उडाली. पोटात आग पडायला लागली. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, त्यामुळे तर तो जास्तच घाबरला. शेवटी बायकोला, उत्कर्षाला म्हणाला, "पुढच्या महिन्यात खोली सोडू. गावाकडं जाऊ. हितं आपण मेलो तरी लोकं खुर्ची आणून देतील."

उत्कर्षाला जायचं नव्हतं. लेकीची शाळा इथं, तिचं शिवणाचं मशीन इथं.

तेवढ्यात नामदेवच्या मुलाचं, प्रीतमचं लग्न झालं आणि पाचपरतावण आलं, म्हणजे लग्नानंतरचं मटणाचं जेवण. मानसिंग खुर्ची चुकवून थेट रश्श्याच्या बादलीकडे गेला. तिघांनी मिळून ती काढून घेतली.

"सायब, तुमी? लोक काय बोलतील आमाला!"

एकाने तर खुर्ची रुमालाने पुसून दिली.

उत्कर्षा तडक चुलीपाशी नामदेवच्या बायकोकडे गेली. "पुतळाकाकी, तुम्ही ह्यांना मान देता ना, त्यानंच हे आजारी पडलेत."

"म्हंजी?"

"औषधं झाली सगळी. आता तुम्ही एकदा शिव्या घालून बघा. नाहीतर आम्ही चाललो गावाला."

फार विचार करत बसायची पुतळाकाकीला सवय नव्हती, हे तळवलीचं भाग्य. ती मांडवात आली आणि तिने मानसिंगला उठवून खुर्चीच काढून घेतली.

"सहा वरसं खातंस न् बसतंस! हात मोरलं कं तुझं? बादली कोन नेनार, तुझा बापूस?"

नामदेव धावत आला. "अगो, पावना हाय तो!"

"सहा वरसं कोन पावना रातो?"

मानसिंगने बादली उचलली. रश्श्याचा पहिलाच डाव नामदेवच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. नामदेवने 'सायब' म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. ते छापता येणार नाही. मानसिंगने सांगलीकडचं उत्तर दिलं. तेही येणार नाही. पंगत ठसका लागेस्तोवर हसली.

वाढपी शेवटी बसतात. तोवर मटण संपलं होतं, तळाचा रस्सा उरला होता. खुर्च्या टेम्पोतून परत गेल्या होत्या. मानसिंग जमिनीवर, नामदेवच्या मांडीला मांडी लावून बसला.

उत्कर्षाने हळूच विचारलं, "पोटात आग पडतीय का?"

"पडतीय की. भूक लागलीया. काकींना इचार, भाकरी हाय का आणि."

पुतळाकाकीने घरापुढच्या ओट्यावरून ऐकलं. "पाय नाय कं तुला? आतमंदी टोपलीत हाय, जा, घे."

मानसिंग उठला आणि पाटलांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरला. टोपली कुठेय ते कुणी दाखवायला आलं नाही.