आत्याच्या हातची सुई

उंदरांपासून होणाऱ्या तापावर डॉ. वसुधाबाईंच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं लस काढली, पण जिते गावात ती टोचून घ्यायला कुणी पुढे येईना. हे त्यांचं माहेर. शेवटी चिडून त्यांनी सगळ्यांदेखत भावाच्या पोरीला, पूजाला, पहिली सुई टोचली. मग अख्खा गाव रांगेत उभा राहिला.

पूजाच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी होतं. नवी लस घरच्या पोरीला कशाला टोचून बघायची?

भातलावणीत तो ताप आला. गाव वाचला, पूजा तेवढी गेली.

तेराव्याला पूजाच्या आईनं, इंदुवहिनीनं, तेव्हा तान्ही म्हणून लशीची राहिलेल्या धाकटीला पुढे केलं.

"हिला तूच टोच गो वसू. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाय."