बुटांत कोंबलेलं शहर

मी चाकांची मोठी निळी बॅग बोलतेय. जन्म महानगरातला, त्यामुळे अंगात थोडा तोरा आहे, हे आधीच सांगते. ज्या दुकानात मी उभी होते, तिथलं काचेचं दार आपोआप सरकायचं. असल्या गोष्टी मी विषय निघाल्याशिवाय सांगत नाही, पण विषय मीच काढते.

मला एका नव्या जोडप्याने विकत घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दोघंही बाहेरून आलेले. शहरात येऊन त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती, पण बोलायला लागला की वाटावं, शहर याच्या आजोबांनीच वसवलं. "आमच्याकडे असं नसतं," हे त्याचं लाडकं वाक्य. राहायला दोन खोल्या, त्याही भाड्याच्या.

दर दोन महिन्यांनी आमची स्वारी तिच्या माहेरी निघायची. सहा तासांचा प्रवास. तो प्रत्येक खेपेला आपले चकचकीत काळे बूट माझ्यात भरायचा. सासुरवाडीला हा माणूस पूर्णवेळ चपलेत असायचा, पण न जाणो, रुबाब दाखवायची वेळ आली तर? बुटांचा आकार बिघडू नये म्हणून आत शहरातलं वर्तमानपत्र कोंबायचा, आणि माझ्या तळाशीही दोन-चार अंक अंथरायचा.

तिचे वडील म्हणजे अप्पा. गावातले घड्याळजी. यांना शहराचं नाव काढलं तरी ठसका लागायचा. त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी ते सुटे भाग आणायला शहरात गेले होते. स्वतःचं घड्याळ त्या दिवशी नेमकं घरी राहिलं, म्हणून रस्त्यात एकाला वेळ विचारली. तो न थांबताच म्हणाला, "काका, एखादं घड्याळ घ्या की." साऱ्या गावाची घड्याळं चालवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्याच दिवशी अप्पांनी ठरवलं, पुन्हा त्या शहरात पाय ठेवायचा नाही. पुढे एकुलती एक लेक त्याच शहरात राहायला गेली, तरी ते हटले नाहीत. आई दोनदा जाऊन आल्या. अप्पांनी लेकीचं घर बघितलं नव्हतं. ती दर खेपेला निघताना म्हणायची, "अप्पा, एकदा या ना." अप्पा म्हणायचे, "बघू." म्हणजे नाही.

जेवताना जावई-सासऱ्यांची जुंपायची.

"आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं," जावई म्हणायचा.

"गेल्या मंगळवारी नव्हतं," अप्पा भात कालवत म्हणायचे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अंदाज."

अंदाज कसला, डोंबल! खरं काय ते मला ठाऊक होतं. आम्ही पोचलो की अप्पा पुढे यायचे. "जावईबापू, तुम्ही ओझं उचलू नका," असं म्हणून मला मागच्या खोलीत न्यायचे आणि कडी लावायचे. मग बुटांतून कागदाचे बोळे काढायचे. ते कोमट इस्त्रीने सरळ करायचे. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावायचे आणि वाचत बसायचे. बूट रिकामे दिसू नयेत म्हणून त्यांत गावच्या साप्ताहिकाचे बोळे कोंबायचे. जावयाला वर्षभरात एकदाही फरक कळला नाही. शहरातला माणूस फार चौकस, असं मी ऐकून होते.

अप्पांना पुढाऱ्यांच्या भाषणांत रस नव्हता. ते फक्त लेकीच्या भागातल्या बातम्या शोधायचे. सापडली की कापायची, कडेला पेन्सिलीने शेरा मारायचा. "दुसऱ्या मजल्यावर चोरी." शेरा: आपला तिसरा. ठीक. "रस्त्यावर फांदी कोसळली, वेळ दुपारची." शेरा: दुपारी ती कामावर. ठीक. "उन्हाचा कडाका." शेरा: टोपी घालते का?

एका खेपेला अप्पांना कोणीतरी दुकानातून हाक मारली. गडबडीत कात्रणांचं पाकीट माझ्या बाजूच्या कप्प्यात राहिलं. घरी परतल्यावर मला रिकामं करताना ते तिच्या हाती लागलं. ती स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. आधी खूप हसली, मग रडली. नवरा घाबरून धावत आला.

"हे वाच," ती म्हणाली. "आणि यातला एक शब्द अप्पांपुढे काढायचा नाही. ते जन्मात कबूल करणार नाहीत, वर वाचायचंही सोडतील."

"मग करायचं काय?"

तिने फोन लावला. "अप्पा, सहज केला. आमची बासष्ट नंबरची बस बंद झाली हो. पार चालत जावं लागतं."

पलीकडे भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग अप्पा म्हणाले, "बंद नाही झाली. हल्ली पोस्टावरून वळते."

"नाही हो, बंदच झाली."

"वळते म्हणतो ना मी!"

तिने फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला आणि त्याला कोपराने ढोसलं. तो बिचारा शिकवल्यासारखं म्हणाला, "अप्पा, इथलं आम्हाला विचारा. आम्ही राहतो इथे."

"राहता, पण डोळे कुठे असतात, जावईबापू? शनिवारी येतो मी. त्या बसमध्ये बसवून तुम्हाला ऑफिसात सोडतो."

अप्पांचं मन फिरायच्या आत तिने नवऱ्याला मला घेऊन गावाला, अप्पांना आणायला पिटाळलं. पाकीट तिने होतं तिथेच ठेवलं होतं. ते अप्पांना सापडलं, त्यांनी गुपचूप सदऱ्यात सरकवलं, आणि कोणी काही बोललं नाही. दुकान आईंवर सोपवून अप्पा निघाले. दोन सदरे, दोन पायजमे, मुक्काम दोन दिवसांचा.

बस पोस्टावरूनच वळली. पुढचा थांबा कोणता, हे अप्पा कंडक्टरला सांगत होते. जावई खिडकीबाहेर बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा मेहुणा बाहेरगावाहून आला आणि गॅलरीत उभा राहून कुरकुरायला लागला. "काय हे शहर! माणसाला माणूस विचारत नाही."

"वीज गेली तर अर्ध्या तासात येते आमच्याकडे," अप्पा तडकून म्हणाले. "तुमच्याकडे येते का?"

आमच्याकडे, असं म्हणाले. आत लेकीने गॅस बारीक केला आणि ओट्याशी नुसती उभी राहिली. मी इतक्या खेपा इकडून तिकडे केल्या, पण तिला इतकं सुखात कधी बघितलं नव्हतं.

आज अकरावा दिवस. सकाळी आईंचा फोन आला. "कधी निघताय?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "निघालोच होतो गं. पण या बॅगेची चेन अडकलीय. कपडे भरता येईनात."

"मग मीच येऊ का दुसरी बॅग घेऊन?"

"ये की. पण घाई करू नकोस."

मी कपाटावर रिकामी पडून आहे. त्यांचे सदरे खाली कपाटात, लेकीच्या साड्यांशेजारी लागलेत. बॅगेच्या जातीला रिकामं पडून राहायची लाज वाटते, पण मला आत्ता अजिबात वाटत नाही. माझी चेन एका हाताने सर्रकन उघडते. तुम्ही या घरी कधी आलात, तर कृपा करून ती ओढून बघू नका.